रॉकस म्हणजे काय?

१९७४ च्या मार्चमध्ये सोलापूरच्या एका गिरणीत, सुताच्या लडी करणाऱ्या रिळिंग खात्यातल्या शरणम्माला इंग्रजीत नोटीस मिळाली. खात्यातला पाण्याचा रांजण फुटून आठ दिवस झाले होते. बायकांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून ती मॅनेजरच्या दारात जाऊन ओरडली होती. नोटिशीत तेच लिहिलं होतं, फक्त ओरडण्याआधी एक शब्द जास्तीचा होता.

टाइम ऑफिसातले कारकून गुरुबसप्पा म्हणाले, "रॉकस. अर्थ मलाबी ठाऊक न्हाई. माफी लिवून दे की, मिटंल."

"अर्थ कळल्याबिगर माफी कशाची मागू?"

नववीतल्या महादेवीनं आईची नोटीस शाळेत नेली आणि बाईंच्या डिक्शनरीतून अर्थ उतरवून आणला. पण वाचायला ती कचरत होती.

"वाच की."

"कर्कश, अव्वा. घोगरा. कावळ्याच्या ओरडण्याला वापरतात. दारू पिऊन हसणाऱ्यांनाबी."

शरणम्मानं विचारलं, "आन् मशिनीच्या आवाजाला?"

"बाई म्हणाल्या, कानाला टोचंल त्या कुटल्याबी आवाजाला चालतं."

चौकशीच्या दिवशी मॅनेजरनं माफीचा कागद पुढं सरकवला. शरणम्मानं हात लावला नाही.

"साहेब, बारा वर्षं मशिनीजवळ उभी हाय. तितं हळू बोललं तर शेजारणीला ऐकू येत न्हाई. माजा आवाज तुमच्याच खात्यात असा झालाय. मशिनीला कधी रॉकस म्हणून नोटीस दिली काय?"

साहेब चमकला. "हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"माज्या लेकीनं. मी ओरडले, व्हय. पाण्यासाठी ओरडले. तेवढंच लिवा, अंगठा देते. कावळा म्हणून न्हाई देणार."

साहेबानं शब्द खोडला नाही. तिला तीन दिवस घरी बसवलं.

त्या तीन दिवसांत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काम गेलं तर महादेवीची शाळाही सुटणार, हे तिला कळत होतं. तरी गुरुबसप्पा दोनदा माफीचा कागद घेऊन आले, तेव्हा दोन्ही वेळा चहा पाजून तिनं त्यांना परत पाठवलं.

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. खात्यात पाणी नव्हतंच. दुपारच्या सुट्टीत ती पुन्हा मॅनेजरच्या दाराकडं निघाली. मागं पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं, तर खात्यातल्या तीसेक बायका.

"तू एकटीच घसा फोडणार व्हय?" सिद्धम्मा म्हणाली.

दारात सगळ्यांनी मिळून पाणी मागितलं. टाइम ऑफिसातले सगळे कारकून बाहेर येऊन बघत राहिले.

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. नोटीस कुणी मागं घेतली नाही, आणि शरणम्मानंही माफीच्या कागदावर कधी अंगठा दिला नाही.