माझे हरवलेले दहा

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे. पाच मीटरची म्हणून विकली गेले, पण आज तेवढी उरले नाही. माझा पहिलाच तुकडा तुटला. त्या तुकड्यापायी एका घरावर केवढे संकट येत होते, तेच मला सांगायचे आहे.

कारखान्यात माझ्यावर पिवळा रंग चढला, काळे आकडे उमटले आणि एका बाईंनी मला सर्रकन ओढून सोडले. "चालेल," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे एका सुतारांनी मला विकत घेऊन कमरेला लावले. दारे, खिडक्या, पाळणे, शाळेची बाके यांची मापे घेता घेता माझे दिवस भुर्रकन गेले. एखादे गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले की सुतार मला लांब ओढून म्हणायचे, "भांडायचं तर हिच्याशी भांडा. ही कुणाच्या बापाला भीत नाही." ते ऐकून माझी छाती फुगायची.

एकदा फळी कापताना करवत घसरली आणि माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटून भुशात पडले. मला वाटले, आता भंगाराची वाट धरायची. पण सुतार म्हणाले, "दहा गेले तर गेले. बाकीची खरी आहे ना!" तेव्हापासून माझ्यावरचा आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे, हा घराचा नियम झाला. तो पोराटोरांनाही पाठ होता. सुतार आपल्या जुन्या पराक्रमांच्या गोष्टी सांगू लागले की त्यांचा मुलगा हळूच म्हणायचा, "यातूनही दहा वजा करा."

पुढे मुलाने लाल किरणाचे मोजयंत्र आणले आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. अंगाला गंज चढला. कोणी विचारीना. तोवर सुतार आजोबा झाले होते आणि त्यांची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "गेलेली नजर परत येणार नाही. जे पाहायचं असेल ते लवकर पाहून घ्या."

आजोबांनी एकच गोष्ट मागितली. दूर एका राष्ट्रीय उद्यानात फार जुनी, प्रचंड झाडे आहेत. "जन्मभर कापलेलं लाकूड पाहिलं," ते म्हणाले, "ती झाडं एकदा उभी पाहायचीत."

मुलाने एक जुनी व्हॅन घेतली आणि बापलेकांनी मिळून तिचे घर केले. छत उंच केले, वर हवेसाठी झडप बसवली, आत पलंग आणि चिमुकले स्वयंपाकघर. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. सूनबाईंना तळ्यांचे उद्यान हवे होते. नातीला, म्हणजे एका जागी न टिकणाऱ्या भिंगरीला, हरणांचे. दोन्ही वाटेवरच होती. झाडे मात्र डोंगरापलीकडे, आणि तिकडे जायला खडकात कोरलेला बोगदा. तीन मीटरहून उंच गाडीला तिथे मज्जाव होता. डोंगराला वळसा घालायचा तर सगळी सुट्टी त्यातच खर्ची पडली असती.

गाडीची उंची मोजायची वेळ आली आणि लाल किरणाच्या यंत्राने नेमकी मान टाकली. मग माझी आठवण झाली! आजोबा म्हणाले, "माप मीच घेणार." मुलाने शिडी धरली, भिंगरीने माझे तुटके टोक जमिनीवर दाबून धरले. झडपेवर आडव्या ठेवलेल्या फळीपर्यंत मला ताणून आजोबांनी नाक माझ्यावर टेकवले. माझ्यावर तीनशे सतरा आले होते. आजोबांनी सवयीने दहा वजा केले आणि वरून हाक दिली, "तीनशे सात!"

मुलानेही सवयीने दहा वजा केले. "दोनशे सत्त्याण्णव. बसतंय!" तो ओरडला. बोगद्याचा आकडा त्याच्याच डोक्यात होता. आजोबांनी फक्त "बसतंय" ऐकले आणि शिडीवर उभ्या उभ्या हसले.

मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला. मला आकडे आहेत, पण वाचा नाही. मुलाने चिठ्ठीवर २९७ लिहून ती स्टिअरिंगच्या चाकामागे चिकटवली. बारीक अक्षर आजोबांना दिसत नव्हते. सामान भरले गेले, पाण्याची टाकी भरली, मला व्हॅनच्या खणात टाकले. खडकाला धडकणाऱ्या छताचा आवाज मला आधीच ऐकू येऊ लागला. त्या छताखाली ही सगळी माणसे बसणार होती.

निघण्याच्या आदल्या दुपारी सूनबाई म्हणाल्या, "छतावर पातळ गादी बांधू का? तीन सेंटिमीटर शिल्लक आहेत ना?"

"उंची किती धरलीत?" आजोबांनी विचारले.

"दोनशे सत्त्याण्णव. इथे लिहिलंय की."

आजोबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. "मी तीनशे सात सांगितलं होतं."

मुलगा घाईत होता. "बाबा, तुम्हाला नीट दिसलं नसेल," तो बोलून गेला.

आजोबांनी चाचपडत मला खणातून काढले आणि भिंगरीच्या हातात दिले. "तू चढ. वजाबाकी करू नकोस. दिसेल ते वाच."

"तीनशे सतरा," भिंगरीने वरून वाचले.

मुलाचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही दहा वजा करून सांगितलं होतं? मीही केले."

"चूक माझीही आहे. वजा केलेत, असं म्हणालो नाही मी," आजोबा म्हणाले. मग दोरीची गुंडाळी करत हळूच पुढे बोलले, "झाडं राहू देत. तुम्ही तळी बघा, हरणं बघा. मी येतो बरोबर."

त्यांचा आवाज ऐकून मला भडभडून आले. एका वजाबाकीने त्यांची झाडे गेली होती.

सूनबाईंनी नकाशा गाडीच्या पायरीवरच उलगडला. "वळसा घालून जाऊ," त्या म्हणाल्या. "सगळी सुट्टी त्यातच जाईल, जाऊ दे. तळी आम्हाला पुढच्या वर्षीही दिसतील." बोलल्या आणि त्यांनी चटकन मान फिरवली.

"हरणंपण," भिंगरी शिडीवरून म्हणाली.

मुलाने चिठ्ठी फाडली, नवी लिहिली. या वेळी आकडा तळहाताएवढा काढला आणि वडिलांसमोर धरला. आजोबांनी तो वाचला, पुन्हा वाचला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मग पहाटेच निघू. उजेडात पोचायला हवं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचा हात फिरवा, टाकून देऊ नका. आणि घरातल्या थकलेल्या डोळ्यांवर शंका घेण्याआधी आपली वजाबाकी एकदा तपासून पाहा. वस्तूचा गंज पुसता येतो. "तुम्हाला दिसलं नसेल" हे शब्द मात्र तो मुलगा आजही परत घेऊ पाहतो, आणि ते काही परत येत नाहीत.