गोदाबाईंची सुती मॅट

मी योगासनांची मॅट बोलतेय. गुंडाळी सोडली की घरभर वास सुटतो, ती मी नव्हे. मी सुताची आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाची, अकोल्याच्या मागावर विणलेली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या मालकीणबाई गोदाबाई. तिवस्याकडच्या शेतकरी घरातल्या. आता अमरावतीत मुलगा-सुनेजवळ राहतात. रोज सकाळी कॉलनीतल्या मंदिराच्या सभागृहात त्या बायकांकडून आसनं करून घेतात. कोणी कंबर धरून येते, कोणी गुडघा; पण गोदाबाईंचा आवाज आला की सगळ्या ताठ बसतात.

माझ्याआधी त्यांच्याकडे जांभळी प्लास्टिकची मॅट होती. उन्हाळ्यात तिचा उग्र वास यायचा, तिचे बारीक कण तळव्यांना चिकटायचे. एका वैशाखात गोदाबाईंच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती मॅट काही दिवस बंद ठेवून पाहा." बंद ठेवली, पुरळ ओसरलं. पण गोधडीवर आसनं जमेनात. ती सारखी गोळा व्हायची. गोदाबाई घरी बसल्या आणि वर्गातल्या बायका एकेक करून गळू लागल्या.

मग सूनबाई सीमा त्यांना दुकानात घेऊन गेली. तिथं काय झालं ते सीमा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगते, म्हणून मला पाठ आहे.

दुकानदारानं एक मॅट उलगडली. वर हिरवं पान छापलेलं. "घ्या काकू, एकदम इको-फ्रेंडली!"

गोदाबाईंनी ती नाकाशी नेली. "याचा वास तं नव्या चपलीवानी येऊन राह्यला, बापू. हे कायचं बनवलं हाय?"

"ते काही लिहिलेलं नाही, काकू. पण पान आहे ना वर."

"पान छापलं म्हणून झाडाचं होते का?" म्हणत त्या उठल्याच.

सीमाचं माहेर अकोल्याचं. तिथं शेजारच्या इंदूबाई मागावर सतरंज्या विणतात. सासू-सुना मॅट विणून घ्यायला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"रंग कोणता घालू, गोदाबाई?" इंदूबाईंनी विचारलं.

"रंगच नोको माय. कापसाचा हाय तोच राहू दे. फक्त दाट विण, माह्या गुडघ्याले सोसलं पायजे."

असा माझा जन्म झाला. पांढरट, जाड, अंगाला कसलाही दर्प नाही. गोदाबाईंनी मला गालाला लावलं तेव्हा मी फुशारून गेले.

पण ती फुशारकी पहिल्याच सकाळी उतरली. सभागृहाची फरशी आरशासारखी गुळगुळीत. गोदाबाई हात टेकून पर्वतासनात गेल्या आणि मी सर्रकन पुढे सरकले. त्या गुडघ्यांवर आपटल्या. बायका किंचाळल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्यांचे यजमान खुशालराव तापलेच होते. "म्या सांगतलं होतं! बांध ते सतरंजी अन् टाक माळ्यावर. या वयात हाड मोडलं तं कोन पाह्यन? आता हे आसनं-फिसनं बस झालं."

गोदाबाईंनी उठून हळदीचा डबा काढला. गुडघ्याला हळद लावली. पडताना मला धूळ लागली होती, म्हणून संध्याकाळी मला धुऊन दोरीवर टाकलं. टाकून देणारी बाई धुवत बसत नाही, एवढं मला कळलं.

सकाळी सीमा म्हणाली, "आई, अजून ओली आहे हो ती."

"वाळन तवा वाळन. बायका थांबतीन का?"

सीमाला सोबत घेऊन त्या सभागृहात गेल्या आणि तशीच दमट मला फरशीवर अंथरलं. आधी पायाने ढकलून पाहिलं. मी हलले नाही. तळव्यानं जोर दिला. तरी नाही! ओल्या सुतानं फरशी अशी धरली होती की मलाच नवल वाटलं.

"सीमा, पाह्य वं! हालूनच नाही राह्यली!"

मग त्या पुन्हा पर्वतासनात गेल्या. सगळ्या बायका श्वास रोखून बघत होत्या. मी एकेक धागा आवळून धरला होता. गोदाबाई उतरल्या त्या आपल्या मनानं, सावकाश, आणि मग त्यांनी नेहमीसारखा आवाज दिला, "चला, तुमी काहून उभ्या? खाली वाका!"

त्या दिवसापासून आधी दोन ओंजळी पाणी शिंपडायचं, मग मला अंथरायचं, असा रिवाजच पडला. गळालेल्या बायका परतल्या. इंदूबाईंच्या मागावर माझ्या बहिणी विणल्या जाऊ लागल्या. एक तर चांदूर रेल्वेला सासरी गेली म्हणा ना! खुशालरावही एकदा "पाहू तं खरं" म्हणत माझ्यावर शवासनाला आडवे झाले आणि चक्क घोरू लागले. माझ्या गुणांचा याहून मोठा दाखला कोणता?

आता माझी कड थोडी उसवली आहे, मधला भाग पातळ झाला आहे. सीमा टाके घालते, उन्हात वाळवते. झिजण्याचं मला दुःख नाही. तुम्ही मॅट घ्यायला जाल तेव्हा मात्र घाई करू नका. हुंगून बघा, ती कशाची बनली ते विचारा आणि विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर खुशाल उठून या. माझं सूत एक दिवस विरेल, मातीत मिसळेल, मागे विष ठेवणार नाही. तोवर गोदाबाईंनी रोज सकाळी मला अंथरत राहावं, एवढंच. वाकून आलेल्या कितीतरी बायका माझ्यावरून ताठ उठून घरी गेल्या आहेत.