इथे हे हसले

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पण या घरात मला कुणी पुस्तक म्हणत नाही. मला ‘प्रत’ म्हणतात. लेखकाच्या सहीची दुर्मीळ प्रत! ऐकायला भारदस्त वाटतं, नाही का? दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बाइंडरने माझ्या पानांच्या घड्या एकेक करून दोऱ्याने शिवल्या, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला. एक घडी उलटी लागतेय, हे त्याच्याच लक्षात आलं. नाहीतर सगळी आवृत्ती तशीच बाजारात गेली असती आणि लेखकांचं हसं झालं असतं. लेखक धावतपळत आले. त्यांनी माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘माझी लाज राखणाऱ्या हातांना, सप्रेम’ आणि खाली सही केली. तेव्हा त्या सहीला कुणी विचारत नव्हतं.

बाइंडरने हजारो पुस्तकं शिवली, पण वाचायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून जेवणं आटोपली की त्याची बायको मला मोठ्याने वाचायची आणि तो पाय पसरून ऐकायचा. “अगं, जरा सावकाश! गाडी सुटतेय का?” म्हणायचा. एका पानावर तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. तिने तिथेच समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘इथे हे हसले.’ माझ्या पाठीला सुरकुत्या पडल्या, अंगावर चहाचे डाग पडले. पण खरं सांगतो, तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

पुढे बाइंडर गेला. काही वर्षांनी तिची नजरही गेली. लेखकांचं नाव मात्र तोवर खूप मोठं झालं होतं. एक दिवस सह्यांची पुस्तकं जमवणारे एक गृहस्थ तिच्या दारात आले.

“पैसे नकोत,” ती म्हणाली. “माझ्याकडे नुसतं पडून राहतं बिचारं. तुम्ही वाचत जा हो त्याला.”

“अहो आजी, फुलासारखं जपेन!”

आणि जपलं की! काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, हाताळायला हातमोजे. पाहुणे आले की पहिलं पान उघडायचं, सही दाखवायची, ‘वा! वा!’ झालं की मिटायचं. कपाटात आम्ही दोनशे जण आहोत. खेटून उभे असतो, तरी मला फार एकटं वाटतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मऊ खोडरबराने माझे समास साफ केले. अक्षर कुणाचं, लिहिलंय काय, पाहिलंसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात आजी नातीचा हात धरून आली.

“थोडा त्रास देते. यात एका पानावर मी लिहून ठेवलंय, ‘इथे हे हसले’. तेवढं पान वाचून दाखवता? त्यांचं हसणं हल्ली आठवेनासं झालंय हो.”

गृहस्थांचा चेहरा पडला. “आजी, ते मी पुसलं. प्रत स्वच्छ दिसावी म्हणून.”

मग तीच त्यांना सांभाळून घेत म्हणाली, “असू द्या. तुम्हाला जिथे हसू आलं असेल ना, तेच पान. ते वाचा.”

“मी... मी वाचलेलं नाही.”

“एकदाही?”

नात म्हणाली, “काका, आठवडाभर घरी नेऊ का? मी सगळं वाचून शोधते.”

त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. “नको गं बाळ. फार उघडझाप केली तर शिवण सुटेल.”

माझी शिवण! ती कुणी घातली होती, ते आजीला ठाऊक होतं. ती काठी चाचपत उठली आणि गेली. कुलूप पुन्हा लागलं.

मित्रांनो, सह्या जमवा, माझी काही हरकत नाही. पण पुस्तकाला आपलं आपण उघडता येत नाही हो. ते पान मला पाठ आहे. एकशे सेहेचाळिसावं, वरून तिसरी ओळ. तेवढं कुणीतरी आजीला जाऊन सांगा, ती आहे तोवर.