घरी कोणी नव्हते

मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा तळ माझ्या जोडीदाराच्या तळापेक्षा पुष्कळ जाड आहे, कारण ज्या मुलीसाठी मला बनवले तिचा उजवा पाय जन्मापासून डाव्यापेक्षा आखूड होता. मित्रांनो, बुटाला जीभ असते, पण ती बोलण्यासाठी नसते. आज मात्र मी बोलणार आहे. माझी हकिगत ऐकून तुमच्यातला एखादा जरी पुढे शहाण्यासारखा वागला, तरी मला पुरे आहे.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला झाला. तिथे एक लांबट खोली होती. खोलीत चामड्याचा आणि चिकटवायच्या द्रवाचा वास भरून राहिलेला असे आणि भिंतीला लागून प्लॅस्टरचे पांढरे पाय ओळीने मांडलेले असत. सरळ पाय, वाकडे पाय, बोटे नसलेले पाय. तिथल्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. ज्यांना दुकानातले बूट चालत नाहीत, त्यांचे बूट ते करत.

माप द्यायला ती मुलगी आईबरोबर आली होती. आई तिला चिमणी म्हणत होती. चिमणी स्टुलावर बसली आणि तिने उस्तादांना पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन बुटाचा आवाज होईल का हो? जुन्याचा ठक ठक होतो. मी यायच्या आधीच वर्गात सगळ्यांना कळतं."

"नाही होणार," उस्ताद म्हणाले. "खाली रबर लावतो. मांजरासारखी चालशील."

"मग मी चालत शाळेत जाणार. आजोबा मला सायकलवर मागे बसवून नेतात. ते कबूल झालेत, नवीन बूट आले की चालत जायचं. मैत्रिणींबरोबर."

उस्तादांनी बुचाच्या लाकडाचे थर एकावर एक चढवून माझा तळ उभा केला, बाहेरून मऊ काळे चामडे अशा बेताने ओढले की ती उंची डोळ्यांत भरू नये. बोटांपुढे थोडी जागाही ठेवली. "मुलांचे पाय सांगून वाढत नाहीत," असे ते स्वतःशीच म्हणाले. मी तयार झालो तेव्हा त्यांनी मला हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहिले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

चिमणीचे गाव तिथून दूर होते. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. तिला पुन्हा सुट्टी मिळेना. वडील बोटीवर कामाला, महिनोन् महिने समुद्रात. म्हणून आम्हा दोघा बुटांना एका खोक्यात घालून पार्सलाने पाठवायचे ठरले. पार्सल कंपनीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "परवा घरपोच. काळजीच करू नका." उस्तादांनी खोक्यावर हात फिरवला आणि ते निघून गेले.

तिथून पुढे माझे हाल सुरू झाले. सरकत्या पट्ट्यांवरून आम्ही घरंगळत गेलो, ढिगावरून ढिगात पडलो. खोक्याचा एक कोपरा चेपला. तरी आम्ही वेळेवर चिमणीच्या गावी पोहोचलो. सकाळी एका पार्सलवाल्याने आम्हाला गाडीत टाकले. मला वाटले, आता दार उघडेल आणि कोणीतरी हाक मारेल. दिवसभर गाडी थांबत होती, चालत होती. वरची खोकी कमी होत होती. ऊन उतरू लागले तशी गाडी थांबली आणि पार्सलवाला फोनवर कोणाला तरी म्हणाला, "अजून गाडी अर्धी भरलेली आहे. सगळी कशी उरकणार? राहिलेल्यांना 'घरी कोणी नव्हतं' असं टाकतो. उद्या बघू."

त्याने बटणे दाबल्याचा आवाज मी ऐकला. इतका बारीक आवाज, पण त्या आवाजाने एका घराची झोप उडाली. तिथे काय घडले ते चिमणीच्या आईने पुढे उस्तादांना सांगितले. तेव्हा मी त्यांच्या समोरच मेजावर होतो.

त्या दिवशी चिमणीचे आजोबा सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. आई त्यांची सून, पण त्यांना बाबा म्हणे. संध्याकाळी ती कामावरून परतली ती हातातला फोन बघतच. "बाबा, पार्सलवाला येऊन गेला म्हणे. घरी कोणी नव्हतं असा निरोप आलाय."

"कोणी नव्हतं? अगं, मी काय हवा खायला गेलो होतो? इथेच तर बसलोय."

"डोळा लागला असेल तुमचा."

"नाही गं," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच निरोप. त्या दिवशीही मी गाडीत होतो. आमचे खोके तळाशी गेले होते आणि वरची उपसायला पार्सलवाल्याला वेळ नव्हता. आजोबांनी त्या दिवशी जेवणाचे ताट मांडीवर घेऊन दारातच खाल्ले होते. आई दमून आली होती. निरोप वाचून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला अलीकडे नीट ऐकू येत नाही. त्यानं हाक मारली असणार. फोनवर काय खोटं लिहितील का?"

तिसऱ्या दिवशी आजोबांनी खुर्ची फाटकाबाहेर रस्त्यावर नेली, भर उन्हात. उठावे लागू नये म्हणून पाणीसुद्धा पीत नव्हते. त्या दिवशी फोनवर वेगळाच निरोप आला : 'ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला.'

मग आईने कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावायला सुरुवात केली. कारखान्यात फोन जेवणाच्या सुट्टीतच करता येई. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,' असे एक गोड आवाज सांगे आणि मग वाद्ये वाजू लागत. ती वाजता वाजता सुट्टी संपे आणि डबा तसाच राही. कधी माणूस भेटलाच तर रोज नवा. त्याला पहिल्यापासून सगळे रामायण सांगायचे आणि त्याने शेवटी म्हणायचे, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तक्रार नोंदवली आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा एक जण म्हणाला, "मॅडम, बूटच आहेत ना? नुकसानभरपाईचा अर्ज करा आणि दुसरे घ्या की."

"दादा, तसले बूट दुकानात मिळत असते तर मी तुमच्या पाया पडले असते का?" आई म्हणाली.

मग तो म्हणाला, "आणखी काही मदत करू शकतो का?"

आम्ही दोघे तोवर 'परतीचा माल' म्हणून गावाबाहेरच्या मोठ्या गोदामात एका जाळीच्या पिंजऱ्यात पडलो होतो. कोणी परतही पाठवत नव्हते. माझे चामडे आखडू लागले. बूट चालण्यासाठी असतो, मित्रांनो. अंधारात नुसते पडून राहणे म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो.

इकडे चिमणीचा जुना बूट तिला टोचू लागला होता. आईने त्याचे मागचे चामडे कापून दिले, तरी टाचेला जखम झालीच. ती घरातल्या घरात भिंतीला धरून चालू लागली. शाळा बुडू लागली. पण सगळ्यात वाईट गोष्ट आजोबांची झाली. एके दिवशी आई चुलीपाशी होती. बाहेरच्या खोलीत आजोबा नातीला हळूच विचारत होते, "चिमणे, खरं सांग हं. मी दुपारी झोपतो का गं? मला कळत नाही असं होतं का?"

आईने ते ऐकले. उस्तादांना सांगताना इथे ती थांबली होती आणि तिने पदराने डोळे पुसले होते.

तिने फोन करणे सोडले नाही. अशाच एका फोनवर एक मुलगी भेटली. तिने मध्येच न तोडता सगळे ऐकून घेतले. मग आवाज हळू करून म्हणाली, "ताई, मी हे सांगायला नको, पण सांगते. तुमचं पार्सल कुठेच गेलेलं नाही. गावाबाहेरच्या गोदामात आहे. फोनवर काही होणार नाही. तुम्ही स्वतः जा आणि मिळाल्याशिवाय हलू नका."

दुसऱ्याच दिवशी आईने रजा टाकली आणि ती गोदामाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आतला माणूस म्हणाला, "इथे ग्राहकांना प्रवेश नाही. फोन करा."

"फोन करून करूनच इथवर आलेय," ती म्हणाली आणि तिथल्या पायरीवर बसली.

गाड्या भरल्या जात होत्या. त्या भरणाऱ्यांतला एक पार्सलवाला तिच्याशी बोलायला थांबला. माझा पिंजरा फाटकाजवळच होता; मी त्याचा आवाज लगेच ओळखला. पत्ता ऐकताच त्याने हातातले खोके खाली ठेवले. मग म्हणाला, "त्या घराबाहेर खुर्चीवर एक आजोबा बसतात. तेच घर का?"

"तुम्ही त्यांना पाहिलंत?"

"त्या रस्त्यानं पुढच्या वस्तीत जातो मी. गाडी दिसली की ते हात करतात. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, सगळ्यांनाच करत असेल."

आई त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते, असे तोच नंतर म्हणाला. तिने फक्त विचारले, "मग 'घेण्यास नकार दिला' असं का लिहिलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "तिसऱ्यांदाही 'घरी नव्हतं' लिहिलं की आम्हाला वर जाब द्यावा लागतो. 'नकार दिला' लिहिलं की कोणी काही विचारत नाही."

तो आत गेला. पिंजऱ्यातली खोकी त्याने एकेक करून उपसली आणि आमचे खोके दोन्ही हातांत धरून बाहेर आणले. आईने ते घेतले नाही.

"हे तुम्हीच घरी घेऊन चला," ती म्हणाली. "आणि आत्ता मला जे सांगितलंत ते माझ्या सासऱ्यांना सांगा. माझं सांगून भागणार नाही."

आणि तो आला. आजोबा त्या दिवशीही फाटकाबाहेर होते. गाडी थांबलेली पाहून ते धडपडत उभे राहिले. पार्सलवाल्याने खोके त्यांच्या हातात दिले आणि तो म्हणाला, "आजोबा, मी आलोच नव्हतो. एकदाही नाही. तुम्ही जागेच होतात."

आजोबांनी खोके छातीशी धरले. मग ते सुनेला म्हणाले, "त्याला पाणी दे. उन्हातून आलाय."

तो गेल्यावर आई आजोबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. "बाबा, माझं चुकलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"तुझं काय घेऊन बसलीस?" आजोबा म्हणाले. "माझाच माझ्यावर राहिला नव्हता."

मग खोके उघडले गेले. कितीतरी महिन्यांनी मी उजेड पाहिला आणि त्या उजेडात चिमणीचा चेहरा. तिने मला पायात घालायला घेतले. आजोबा समोर बसून बघत होते. पाय अर्ध्यात अडला. तिने ओठ घट्ट दाबून जोर लावला. मी माझ्याकडून होईल तेवढा सैल झालो, पण चामड्याला त्याच्यापलीकडे जाता येत नाही. कसाबसा पाय आत गेला. चिमणीच्या डोळ्यांत पाणी तरारले, तरी ती हसून म्हणाली, "बसला, आजोबा! बघा, बरोब्बर बसला!" आणि ती उठून दोन पावले चालली. आवाज अजिबात झाला नाही.

आईने वाकून माझ्या टोकावर अंगठा दाबला. आत बोटे दुमडलेली होती.

आजोबा म्हणाले, "काढ बाळा. पाय वाढलाय तुझा. पाय वाढणं चांगलंच असतं." आणि त्यांनी स्वतः खाली बसून माझी नाडी सोडली.

चिमणीच्या पायात मी राहिलो तो एवढाच.

पुढच्या आठवड्यात आई आम्हा दोघा बुटांना पिशवीत घालून, चिमणीला घेऊन उस्तादांकडे आली. उस्तादांनी सगळे ऐकले आणि नवे माप घेतले. चिमणीचे नवे बूट न्यायला आजोबा स्वतः आले. पार्सल म्हणताच त्यांनी दोन्ही हात जोडले होते. ते बूट घालून चिमणी शाळेत चालत गेली, असे उस्तादांना नंतर कळले. ऐकून मला आनंद झाला. थोडे वाईटही वाटले, ते लपवत नाही.

उस्तादांनी माझा तळ थोडा तासला आणि आम्हा दोघांना उजवा पाय थोडा आखूड असलेल्या एका गवंड्याच्या मुलाला दिले. त्या मुलाबरोबर मी खूप चाललो. चिखल तुडवला, दगड ठोकरले, एकदा विहिरीच्या काठावरून पडता पडता वाचलो. मी त्याला लहान झालो तेव्हा तो मला पुसून परत घेऊन आला. आता मी या लांबट खोलीत एका फळीवर असतो. टाच झिजली आहे, शिवण उसवली आहे. उस्तादांचे हातही थकले आहेत. त्यामुळे हल्ली मला कोणी हात लावत नाही.

मित्रांनो, तुमच्यातला कोणी मोठेपणी पार्सले पोहोचवील, कोणी फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकेल, कोणी अशा कंपनीचा मालकही होईल. मालक झालात तर गाडीत तेवढाच माल भरा जेवढा एका माणसाला एका दिवसात पोहोचवता येईल. फोनवर असाल तर समोरच्याचे बोलणे एकदा तरी पूर्ण ऐका. तुम्ही घरात बसून वाट पाहणारे असाल, तर परक्याने लिहिलेल्या दोन शब्दांसाठी आपल्या माणसाला खोटे पाडू नका. आणि गाडी तुमच्या हाती असेल, तर 'घरी कोणी नव्हते' असे लिहिण्यापूर्वी एकदा खाली उतरा आणि दार वाजवा.

आत कोणीतरी असते. कधीकधी तर ते सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेले नसते.