बेचाळीस जणांची खोली

लालबागच्या दुमजली चाळीत मालक बाबुराव तळमजल्यावर राहायचे, आणि बरोब्बर त्यांच्या डोक्यावर एकाच गावचे बेचाळीस गिरणी कामगार. चौदा जण पाळीवर, चौदा खाणावळीत नाहीतर रस्त्यावर, चौदा झोपलेले. एक उठला की दुसरा त्याच उबेत आडवा. तीस वर्षांत जमिनीच्या फळ्यांना माणसाच्या मापाचे चौदा खळगे पडले होते. पाणी सांडलं तर कोणाच्या जागेवर सांडलं, ते साचलेल्या आकारावरून कळायचं. खोटं वाटत असेल तर बाबुरावांची खाट बघायला हवी होती. वरची तुळई वाकून इतकी खाली आलेली, की मालकांना कूस बदलायची तर खाटेवरून उतरून, वळून, पुन्हा चढावं लागे. सकाळी सुंदराबाई नवरा जिवंत आहे का ते आधी बघायची, मग चहा टाकायची.

तुळई बदलायला वरची खोली दोन दिवस रिकामी हवी. बाबुराव वर गेले आणि फळ्या तुम्ही झिजवल्यात, तेव्हा खर्च तुमचाच, असं ऐकवू लागले. गावच्या मंडळाचा कारभारी गुणाजी शांतपणे म्हणाला, "मालक, आमी काय नांगर फिरवला? झोपलो फक्त. भाडं त्याचंच देतो."

शेवटी खर्च मालकांनी अंगावर घेतला, तरी गुणाजी खोली सोडेना. तोही चुकत नव्हता. तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या नावाखाली बाबुरावांनी भिवा शिंप्याला बाहेर काढलं, तो आजतागायत बाहेरच. तेव्हापासून सणाला सगळे गावी गेले तरी वरच्या खोलीत एक तरी माणूस झोपलेला असायचाच. झोप येवो न येवो, ती कब्जाची ड्युटी.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या एक दिवस बंद राहिल्या. सगळे मोर्चाला जातील, राहिलेल्या एकाला गोडीगुलाबीने खाली आणू, या हिशेबाने बाबुरावांनी लवू सुताराला सकाळीच बोलावलं. पण मोर्चा दुपारी होता. भोंगा वाजला नाही, कोणी बाहेर पडलं नाही, आणि तिन्ही पाळ्या जन्मात पहिल्यांदा एकदम आडव्या झाल्या. तुळई कण्हली. चुन्याचा पोपडा बाबुरावांच्या चहात पडला. लवूने वर पाहिलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

बाबुराव जिना चढले ते हात जोडूनच. "गुणाजी, सगळे खाली माझ्या खोलीत या. ही किल्ली. काम होईस्तोवर कब्जा तुमचा."

"आणि तुमी?"

"आम्ही गॅलरीत."

गुणाजीने किल्ली कनवटीला लावली. दुपारी मोर्चाला जाताना त्याने मालकांची खाट तुळईखालून भिंतीकडे सरकवली आणि तिच्यावर एक जण निजवून ठेवला. दोन दिवस बाबुराव स्वतःच्या उंबऱ्यावरून हलले नाहीत. जागा सोडली की काय होतं, ते त्यांच्याइतकं चाळीत कोणाला ठाऊक? सुंदराबाईने ताट तिथेच आणून दिलं आणि भिवा शिंप्याची बायकापोरं आता कुठे जेवत असतील, एवढंच विचारलं. बाबुरावांनी घास हातातच धरला.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. गुणाजीने आधी चार जण वळकट्यांसकट वर पाठवले, ते घोरू लागल्याचं खाली ऐकू आलं, तेव्हाच किल्ली परत केली. बाबुराव आत जाऊन खाटेवर पडले. तुळई सरळ होती. त्यांनी पडल्या पडल्या कूस बदलली, पुन्हा बदलली, मग उठून चपला घातल्या आणि भिवाचा नवा पत्ता विचारायला बाहेर पडले.