चार बोटं पन्हा

“हात वर कर बघू,” सुलाबाई म्हणाली.

अकोसुआनं हात वर केले तशी बगलेखालची शिवण करकरली. तिनं घाईनं हात खाली घेतले.

“झगा न्हाय बसत, आई. सुविधा बारीक होती.”

होती. महिनाभर त्या घरात सुविधाबद्दल हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. दारात उभ्या मायाप्पानं तोंड फिरवलं आणि तो उगाच गल्लीकडं बघत राहिला.

अकोसुआ घानाची. बेळगावात फार्मसी शिकायला आली आणि वडगावात मायाप्पाच्या माडीवर भाड्यानं राहिली. तिचं नाव गल्लीच्या जिभेवर बसेना, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती ‘अक्का’ झाली. खालच्या सोप्यात मायाप्पाची एकुलती एक लेक सुविधा शिवणकाम करायची. फॅशन डिझाइनचा कोर्स करून आली होती, पण गिऱ्हाइकं यायची ती ब्लाऊजचीच.

एकदा अकोसुआनं ट्रंकेतून आपल्या आईचं कापड काढून दाखवलं. चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या वेगवेगळ्या विणून कडेला कड शिवलेल्या. तिचा मामा तिकडं असंच विणायचा. सुविधा कितीतरी वेळ त्या शिवणींवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं बापाला हाक मारली.

“आप्पा, असलं विणशीला?”

“चार बोटं पन्हा?” मायाप्पा उखडला. जन्म दुसऱ्यांच्या यंत्रमागावर गेला असला तरी मूळचा तो हातमागावर साड्या विणणारा. “साड्या विणलेला मानूस मी. आता नाड्या विणू व्हय गं?”

पण पोरगी पिच्छा सोडणारी नव्हती. तिनं फोनवर अकोसुआच्या मामाला धरून आणलं. दोघा विणकरांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. मामानं विणायचा धोटा फोनसमोर धरला, मायाप्पानंही आपला धोटा धरला, आणि दोघेही हसले. दुसऱ्याच दिवशी मायाप्पा भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या मागाची लाकडं अरुंद मागासाठी कापायला बसला.

मामाच्या पद्धतीत उभे धागे लांबवर ताणून टोकाला धोंडा बांधायचा. विणत जाल तसा धोंडा सरकत पुढं येतो. मायाप्पाचे धागे अंगणातून थेट गल्लीत गेले. स्कूटरवाले वळसा घालू लागले. “मायाप्पानं धोंडा पाळलाय,” असं लोक म्हणायचे. फरशीच्या सांध्यात तो अडकला की मायाप्पा ओरडायचा आणि हातातलं काम टाकून सुविधा त्याला ढकलायला धावायची.

“मामाची नक्षी मामाचीच,” ती म्हणायची. “आपुन आपली काढू.” तिनं त्या पट्ट्यांत इकडच्या खणाचे रंग घातले. सूत स्वतः रंगवलं. लांब जाकिटं शिवली, बिनबाह्यांचे कुर्ते शिवले, तिरक्या पट्ट्यांचे घेरदार घागरे शिवले. खडेबाजारातल्या एका दुकानानं तिचं जाकीट काचेत लावलं, तेव्हा मायाप्पा काही खरेदी नसताना त्या रस्त्यानं फिरून आला.

मग शहरात कपड्यांचं प्रदर्शन ठरलं. तिथं मंचावर घालून चालायला सुविधानं स्वतःच्या मापाचा पायघोळ झगा शिवला. तेवढ्यात डेंगीचा ताप आला. सलाईन लागलेल्या हातानं ती आईला सांगत होती, “गळ्याला हुक लावायचा ऱ्हायलाय.” तो सुलाबाईनं लावला, पोरगी गेल्यावर.

प्रदर्शनवाल्यांचा फोन आला, सुविधाचं नाव काढायचं का म्हणून. अकोसुआ म्हणाली, “नाव ठेवा. मी घालते.”

आणि आता झगा अंगाला बसत नव्हता.

“दोन्ही बाजूला एकेक पट्टी घातली तर बसंल,” सुलाबाई म्हणाली. “खडेबाजारातनं ह्याच रंगाचं सूत आणू.”

“न्हाय मिळायचं,” मायाप्पा दारातूनच म्हणाला. “तिनं अंदाजानं केलेला रंग हाय त्यो.”

मग अकोसुआ हळूच म्हणाली, “आमच्यात माणूस गेलं की काळं-लाल नेसतात. सगळं घर नेसतं. बघणाऱ्याला कळतं, कोणीतरी गेलंय.”

“पोरीच्या कापडात काळं घालू?” सुलाबाईचा आवाज फाटला.

“घालू,” मायाप्पा म्हणाला. “कळू दे.”

सकाळी त्यानं काळे धागे ताणले, टोकाला धोंडा बांधला. सुविधा गेल्यापासून तो मागावर बसला नव्हता. सोप्यात सुलाबाई झग्याची शिवण उसवत होती. लेकीचा टाका बारीक. कात्रीचं टोक शिरता शिरत नव्हतं. बाहेर धोट्याची ये-जा सुरू झाली. काळ्यात लालाची एक बारीक रेघ उमटत गेली. हळूहळू हात जुन्या लयीत आला, आणि त्या लयीतच मायाप्पा ओरडला,

“सुविधा, धोंडा अडाकला गं!”

धोटा हातात तसाच राहिला. गल्लीतली शेजारीण घागर घेऊन जागच्या जागी थांबली.

सुलाबाईनं कात्री खाली ठेवली. ती बाहेर आली, पदर खोचून वाकली आणि दोन्ही हातांनी तिनं धोंडा ढकलला.

“सरकला,” ती म्हणाली. “विणा.”

प्रदर्शनात अकोसुआ ताठ चालली. दोन्ही कुशींना काळ्या पट्ट्या, मधे सुविधाचे रंग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत नवराबायको मांडीवर हात ठेवून बसून होती.

नंतर एक बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. “ती काळी पट्टी फारच सुंदर दिसते हो. कुणाची कल्पना? मला तसंच जाकीट हवंय, लेकीला द्यायचंय.”

सुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

“जाकीट देतो, बाईसाहेब,” मायाप्पा म्हणाला. “म्हनशीला त्या रंगात देतो. काळं तेवढं नको.”

“का बरं?”

“तुमच्या लेकीला नको.”

मायाप्पानं नमुन्यांच्या ढिगातून एक पिवळी पट्टी उपसली, झटकून सरळ केली आणि त्यांच्यापुढं धरली.

“ही बघा,” तो म्हणाला. “ही शोभंल तिला.”