वायर नसलेला कीबोर्ड

रोमानियातल्या ब्रेइला शहरात आईच्या स्वयंपाकघरात बसून इलिंकाने बांधलेली एक धून इतकी गाजली, की तिचं, कॉस्टिनचं आणि ड्रागोशचं त्रिकूट वर्षानुवर्षं तीच वाजवत गावोगाव फिरत राहिलं. नवं काही बांधायला तिचे हात शिवशिवत. कॉस्टिन म्हणे, "अगं, लोकांना हेच हवंय. उगाच कशाला डोकं चालवतेस?"

काळ्या समुद्राकाठी, ममायाच्या किनाऱ्यावरच्या मंचावर एका संध्याकाळी तीच धून सुरू झाली. इलिंकाचं बोट चुकीच्या पट्टीवर पडलं, तरी सूर बरोबरच आला. तिने वाकून पाहिलं. कीबोर्डला वायरच जोडलेली नव्हती.

"हे कधीपासून?" ती कॉस्टिनच्या कानाशी ओरडली.

"ईस्टरपासून. तू मध्येच सूर बदलतेस, बाई! त्यापेक्षा रेकॉर्डिंग बरं. आता हस, कॅमेरा आहे."

तिने दोन्ही हात उचलले. धून चालूच राहिली आणि समोरची गर्दी नाचतच राहिली. इलिंका मागच्या शिडीने वाळूत उतरली. ड्रागोशने हाका मारल्या, पण ती थांबली नाही.

त्या हिवाळ्यात तिने एकटीने नवी धून काढली. ती फारशी चालली नाही. इलिंका तोवर पुढच्या धुनेच्या मागे लागली होती.